मिहीर परतला कसा?

अंधेरीच्या बालाजी टेलिफिल्म्सच्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ (२०००-२००८) या मालिकेत मिहीर विरानीचा मृत्यू दाखवला गेला आणि प्रेक्षक एवढे संतापले की, त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. चित्रपटाच्या बाबतीत हे शक्य नाही. पडद्यावर येतो तेव्हा तो पूर्ण झालेला असतो. दैनंदिन मालिकेचे भाग मात्र बहुधा प्रक्षेपणाच्या थोडेच दिवस आधी चित्रित होतात. कथानक वळवता येते ते त्यामुळेच.

अर्थात, असा गदारोळ विरळाच. एरवी कौल असतो टीआरपीचा. २०१५पासून ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांतील मीटरवरून तो काढते. बोरिवली-मुलुंडमधल्या ज्या घरात मीटर नाही, तिथे कंटाळून वाहिनी बदलणाऱ्या रसिकाच्या वतीने मत नोंदवते ते दुसरेच कुणीतरी!