डेड मोबाइल आणि राळेचा धूर

दिल्लीच्या करोलबागेतले गफार मार्केट ही मोबाइल दुरुस्तीची देशातली एक मोठी पेठ. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलणे ही तिथली रोजची, किरकोळ कामे. कारागिराचा कस लागतो तो ‘डेड’ मोबाइलमध्ये. कंपनीच्या सेवा केंद्रात अशा वेळी बहुधा अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतात आणि खर्च कित्येकदा नव्या फोनच्या आसपास जातो. गल्लीतला कारागीर बोर्डवरचा नेमका बिघाड शोधू लागतो.

बोर्ड शॉर्ट आहे एवढे मल्टिमीटर सांगतो. शेकडो भागांपैकी कोणत्या भागामुळे, हे सांगत नाही. त्यासाठी सोल्डरिंगची राळ तापवून तिचा धूर बोर्डवर बसू देतात. पांढुरका थर जमला की बाहेरून कमी दाबाची वीज सोडायची. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि नेमकी त्याच्यावरची राळ वितळते. तो बहुतेकदा तांदळाच्या कणीहून लहान कपॅसिटर निघतो. एकाच लाइनवर असे अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असल्याने तो एक काढून टाकला तरी फोन सहसा सुरू होतो. हे कौशल्य पुस्तकातून क्वचितच येते. ते उस्तादाच्या शेजारी बसूनच उचलायचे.

या दुरुस्तीचे मोल पैशांपुरतेच नाही. स्मार्टफोनपायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो. जुना फोन वितळवून तांबे, सोने परत मिळते, चिप घडवायला लागलेली ऊर्जा मिळत नाही. शिवाय वितळवण्यापर्यंत तरी किती पोहोचते? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांवर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

अर्थात या बाजाराला डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. नकली बॅटऱ्या इथेच खपतात, आणि दिल्लीच्या सीलमपुरात तांब्या-सोन्यासाठी बोर्ड जाळणे, ॲसिडमध्ये बुडवणे चालत आले आहे.

खरी अडचण आता कारागिराच्या कौशल्यात नाही, फोनच्या घडणीत आहे. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. काही कंपन्या सुटा भाग सॉफ्टवेअरने त्याच फोनशी बांधून टाकतात, मग दुसऱ्या फोनचा अस्सल भागही नीट चालत नाही. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवणे बंधनकारक केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पोर्टलही काढले, त्यावर काय द्यायचे ते कंपन्यांच्या मर्जीवर. बोर्डचे आराखडे कारागिरांना बहुतांशी चिनी सॉफ्टवेअरमधूनच पैसे मोजून मिळवावे लागतात.