अनेक प्रोग्रॅम उघडताच हँग होणारा संगणक

एखादा प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ठीक चालणारा आणि तीन-चार उघडताच हँग होणारा संगणक सहसा बिघडलेला नसतो. त्याला रॅम पुरत नसते. दुरुस्तीच्या दुकानात मात्र या तक्रारीवर बहुधा ठरलेला उपाय सांगितला जातो: फॉरमॅट मारा. त्यानंतर काही दिवस यंत्र हलके वाटते, कारण आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम पुसले गेलेले असतात. ते पुन्हा भरले की तक्रारही परत येते.

कर सल्लागाराच्या कार्यालयातला एखादा जुना संगणक घ्यावा. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर टॅली, दोन-तीन एक्सेल फाइल, जीएसटी पोर्टलसह दहा-बारा टॅब उघडलेला क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि मागे अँटीव्हायरस. रॅमचा मोठा वाटा विंडोज स्वतःसाठीच घेते. क्रोम २००८ साली आला तेव्हापासून टॅबसाठी वेगवेगळ्या प्रोसेस चालवतो. त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची तगून राहतात, पण रॅम जास्त लागते. ही सगळी बेरीज ४ जीबीच्या पुढे सहज जाते.

बेरीज पुढे गेली तरी काम लगेच थांबत नाही, ते आभासी मेमरीमुळे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या, १९६२ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस संगणकात ही कल्पना प्रत्यक्षात आली. महाग आणि तोकडी मुख्य मेमरी व स्वस्त पण मंद फिरता ड्रम, हे दोन्ही मिळून प्रोग्रॅमला सलग एकच मेमरी दिसत असे. आजचे विंडोजही तेच करते. मेमरीचे ४ किलोबाइटचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. जागा संपत आली की बराच वेळ न वापरलेली पेजेस डिस्कवरच्या ‘पेजफाइल’ या लपवलेल्या फाइलीत नेऊन ठेवली जातात आणि लागतील तेव्हा परत आणली जातात.

अडचण परत आणण्यात आहे. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कवर वाचणारी दांडी योग्य जागी सरकेपर्यंत आणि तबकडी फिरून समोर येईपर्यंत १० ते १५ मिलिसेकंद जातात. फरक लाखपटीहून अधिक. रॅमला एक सेकंद लागतो असे धरले, तर त्याच हिशेबाने डिस्कला सव्वा दिवसाच्या आसपास लागेल आणि एसएसडीला पंधरा-वीस मिनिटे.

अधूनमधून एखादे पेज आणावे लागले तर ते जाणवतही नाही. पण प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या वेळी हाताशी हवीच अशी काही पेजेस असतात. चालू प्रोग्रॅमच्या अशा पेजेसची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की एकासाठी आणलेले पेज दुसऱ्याचे बाहेर ढकलते, आणि ते दुसऱ्याला लगेच परत लागते. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणमीमांसा मांडली. त्या काळच्या मोठ्या संगणकांत प्रोसेसर रिकामा दिसला की व्यवस्था आणखी कामे आत घेई आणि कोंडी अधिकच घट्ट होई. आज हीच चूक माणूस करतो. खिडकी उघडेना म्हणून तो त्याच चिन्हावर पुन्हा पुन्हा डबल-क्लिक करतो.

हँग झालेल्या खिडकीवर उमटणारे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हे शब्द प्रोग्रॅम मेला असे सांगत नाहीत. त्या खिडकीने सुमारे पाच सेकंद विंडोजच्या निरोपांची दखल घेतलेली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. प्रोग्रॅम डिस्कची वाट पाहत असू शकतो. मिनिटभर हात आवरल्यास न साठवलेले काम वाचण्याची शक्यता बरीच असते.

निदानासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नेहमीचे प्रोग्रॅम एकामागून एक सुरू करावेत. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर, डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र जेमतेम दहा-वीस टक्के, असे दिसले की शंका जवळजवळ फिटते. खात्री हवी असेल तर रिसोर्स मॉनिटरमधील ‘हार्ड फॉल्ट्स’चा आकडा पाहावा. डिस्कवरून किती पेजेस आणावी लागत आहेत, ते तो सांगतो. अधूनमधून उसळी ठीक. सतत शेकड्यांत राहणारा आकडा ठीक नाही.

खर्चाआधी सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स कमी करावीत. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास कोणता टॅब किती मेमरी खातो हे दिसते. एवढ्याने भागले नाही तर रॅम वाढवावी. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे, सोयीची पातळी नव्हे. कार्यालयीन कामाला ८ जीबी बरी, १६ असल्यास चिंता नको. डीडीआर३ आणि डीडीआर४ पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावरच जोडलेली असते. विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घेऊन उपयोग नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास थ्रॅशिंगचा जाच खूप कमी होतो, पण त्याचे मूळ कारण दूर होत नाही. तरी जुन्या यंत्रावर एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर अनेकदा एसएसडीच अधिक समाधान देते.

‘रॅम बूस्टर’ नावाचे प्रोग्रॅम टाळावेत. चालू प्रोग्रॅमची पेजेस जबरदस्तीने बाहेर काढून ते मोकळ्या मेमरीचा आकडा फुगवतात. पुढच्या क्लिकला तीच पेजेस परत आणावी लागतात. पेजफाइल बंद करण्याचा सल्लाही असाच. रॅम कमी असताना ती बंद केली तर मेमरी संपताच प्रोग्रॅम कोसळू लागतात.

मेमरी मोकळी असूनही संगणक गोठत असेल तर शोध दुसरीकडे वळवावा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर अपडेट, व्हायरस तपासणी किंवा एकाच वेळी बसवलेले दोन अँटीव्हायरस पाहावेत. यंत्र तापत असेल तर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो; पंख्यातली धूळ काढावी. माउसचा बाणसुद्धा हलत नसेल तर सदोष रॅम, ड्रायव्हर किंवा वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक रॅमची चाचणी घेते. मोजके काही उघडलेले असतानाही डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या चुकांच्या नोंदी असतील, तर डिस्कच निकामी होत असण्याचा संभव आहे. तेव्हा दुरुस्तीची तपासणी चालवण्याआधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण लांबलचक तपासणीच्या ताणाने अशी डिस्क मध्येच बंद पडू शकते.