चढ, उतार आणि द्राक्षबागा

निफाड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी. पुढे पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि तासावर भाड्याने द्यायच्या सहा सायकली. रिंगचा आऊट काढायला अब्बा बसले की आजूबाजूला कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो आणि सायकल सुटली. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली, तेव्हा ती पुन्हा हाती आली. आता रविवारी उजाडता उजाडता मी नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याला लागतो. आज त्या रस्त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

नाशिक ते दिंडोरी हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. एसटीत बसलं तर हा रस्ता सपाट वाटतो. सायकलवर बसा, म्हणजे तो किती वरखाली होतो ते मांड्या सांगतात. म्हसरूळ मागे पडलं की डाव्या हाताला रामशेजचा किल्ला दिसू लागतो आणि रस्ता श्वास घेतल्यासारखा फुगतो, ओसरतो. एक चढ संपला की उतार, उताराच्या तळाशी पूल किंवा मोरी, आणि लगेच पुढचा चढ.

असं का? उत्तर नकाशात आहे. बाणगंगा, कोळवण, कादवा, उनंदा या नद्या पश्चिमेच्या सह्याद्रीच्या रांगांत उगम पावतात आणि आग्नेयेला गोदावरीच्या खोऱ्याकडे वाहतात. आपला रस्ता मात्र दक्षिणेकडून उत्तरेला जातो. म्हणजे तो या नद्या-ओढ्यांना आडवा छेदत जातो. प्रत्येक चढ म्हणजे दोन प्रवाहांमधला उंचवटा आणि प्रत्येक उतार म्हणजे एका पाण्याकडे जाणं. एवढं कळलं की चढाचा राग येत नाही. वर पोचल्यावर समोर पाणी असणार आणि पाण्याजवळ गाव असणार, हे ठाऊक असतं.

चढावर नवशिका सायकलस्वार एक चूक हमखास करतो. तो चढ दिसताच जोर लावतो आणि निम्म्यावर धापा टाकत उतरतो. अब्बा म्हणायचे, ‘चढावाशी भांडायचं नाही, बेटा. त्याच्याशी बोलत बोलत वर जायचं.’ आजच्या गिअरच्या सायकलीला हेच लागू आहे. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा. पायडलवर ताकद कमी आणि फेऱ्या जास्त ठेवाव्यात. मिनिटाला सत्तरएक फेऱ्या झाल्या तर गुडघे वाचतात. बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. उतारावर उलट. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे, आणि दोन्ही ब्रेक सारखे दाबावेत. नजर चाकापुढे नको, लांब हवी. शेतातून रस्त्यावर आलेली माती आणि बारीक कच उतारावरच घात करते.

या चढउतारांचा द्राक्षाशीही संबंध आहे. वेलीला पाणी हवं, पण मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. उतारावरच्या मुरमाड जमिनीतून जादा पाणी निघून जातं. निफाडकडच्या काळ्या, खोल जमिनीत द्राक्षं होतात आणि उत्तम होतात, पण तिथे निचऱ्याची काळजी जास्त घ्यावी लागते. ओझरच्या परिसरात १९२५च्या सुमारास द्राक्षलागवड सुरू झाली, असं सांगतात. आज दिंडोरी, मोहाडी, जानोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडवच मांडव दिसतात. कुसुमाग्रजांचं बालपण गेलं ते पिंपळगावही याच मुलखातलं.

वाइनच्या द्राक्षांची गोष्ट मात्र अलीकडची. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी उभ्या केलेल्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. सायकलवरून दोन्ही बागा वेगळ्या ओळखता येतात. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांबट, पातळ सालीचा. त्यासाठी शेतकरी घडातले मणी विरळ करतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. मी गजल लिहितो, त्यामुळे माझ्या वहीत मद्य पुष्कळ आहे. ओठाला मात्र थेंबही लागलेला नाही. मित्र त्यावरून चेष्टा करतात. मी त्यांना सांगतो, मला वेल पुरे.

वेलीचं वर्ष समजून घेतलं, तर रस्ता दर महिन्याला वेगळा का दिसतो ते कळतं. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर नवीन काड्या फुटतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्या काडीतल्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण त्या दिवसांत स्वच्छ ऊन लागतं. दुसरी छाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे, फळासाठी. मग फुटवा, फुलोरा, मणी आणि जानेवारी ते एप्रिल काढणी.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस कोसळू लागला. वरून पाहणाऱ्याला वेली हिरव्यागार, पण डोळ्यात घड धरायच्या वेळी ऊनच नव्हतं. ऑक्टोबरनंतर अनेक बागांत पानं आली, घड कमी आले. मेमधल्या पावसाचं नुकसान शेतकऱ्याला पाच महिन्यांनी दिसलं.

त्याआधी २०२३च्या नोव्हेंबरअखेर गारपीट झाली. पुढच्या रविवारी मी निफाडच्या बाजूला गेलो होतो. एका बागेपाशी पाणी प्यायला थांबलो. मालक बांधावर बसलेले होते. पानांच्या चिंध्या झालेल्या, काड्यांवर गारांचे वण. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘चाचा, फोटो काढायचा तर काढा, पण छान आलाय म्हणू नका.’ मी मोबाइल खिशात ठेवला. त्यांनी घरातून चहा मागवला. आम्ही तो न बोलता प्यायलो. तेव्हापासून मी या रस्त्याला निसर्गरम्य म्हणायला कचरतो. इथली हिरवळ आपोआप उगवलेली नाही. तिच्यावर कर्ज आहे, औषधांचा खर्च आहे आणि रात्रीची जागरणं आहेत. थंडी फार उतरली की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या जातात. सायकलवाल्याला दिसणारा तो सुंदर धूर त्या जागरणाचा असतो.

पाण्याचीही कथा आहे. कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये यांच्या पुढाकाराने १९९०च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात वाटून घ्यायचं, असं ठरलं. पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्राचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं. उताराच्या तळाशी जे पाणी आपण एका क्षणात ओलांडतो, त्यामागे माणसांचा एवढा समंजसपणा आहे.

आणि माणसं म्हणाल, तर सकाळी सातच्या सुमारास पिकअप गाड्या जातात. त्यात उभे असतात पेठ, सुरगाण्याकडून कामाला आलेले आदिवासी मजूर. त्यांत बायका पुष्कळ. छाटणी, विरळणी, काढणी, सगळं त्यांच्या हातांवर चालतं. त्या गाड्यांना आधी वाट द्यावी. त्यांची हजेरी बुडते, आपली फक्त लय मोडते.

नाशिकमध्ये सायकल आता चांगली रुजली आहे. महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्यामुळे रविवारी या रस्त्यावर हेल्मेटवाल्यांची रांग असते. त्यांना, आणि तुम्ही निघालात तर तुम्हालाही, तीन गोष्टी सांगतो. दोन-दोन जण शेजारी चालू नका, ट्रॅक्टरला जागा लागते. फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा बघून थोडं थांबा. आणि कुंपणाबाहेर लोंबणारा घड कितीही खुणावू दे, हात लावू नका. औषध मारल्यावर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात आणि ते किती उरलेत हे मालकालाच ठाऊक असतं. मागितलंत तर खायला योग्य असलेला घड तो आपण होऊन देईल.

शेवटी एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत बागेत डोकावलात तर घडांना कागद गुंडाळलेले दिसतील. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून हे करतात. त्यासाठी रद्दीतली वर्तमानपत्रं जातात. मागच्या वर्षी जानोरीच्या रस्त्याला असाच थांबलो होतो. एका घडाभोवती रविवारच्या पुरवणीचं पान होतं. अर्धा मथळा दिसत होता, मजकूर आत घडाकडे होता. आमच्या लिहिण्याचा कोणाला काय उपयोग, असा प्रश्न लेखकाला अधूनमधून पडतो. त्या सकाळी मला तो पडला नाही. मी सायकलवर टांग टाकली. पुढे चढ होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)