उन्हाळ्यातली टॅक्सी आणि एसीचा गॅस

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या मुलांना तेव्हा प्रवाशाकडून एकच ऐकावे लागते, "एसी चालत नाही का रे?" गॅरेजवाला म्हणतो, गॅस संपला. झाले, दिवसाची कमाई गेली!

वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न काढता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. गळती कुठे होती, हे बिलावर लिहून घ्यावे.

एसी आतली उष्णता उचलून पुढच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून, बाहेर टाकतो. बाहेर भट्टी पेटलेली असली की ती टाकणेच जड जाते. त्यात सिग्नलला गाडी थांबली की कॉम्प्रेसर मंदावतो, समोरचा वाराही थांबतो, सगळा भार पंख्यावर येतो. म्हणून चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत कोमट हवा येत असेल, तर गॅसच्या आधी पंखा पाहावा. जाळीत धूळ, किडे अडकले असतील तर इंजिन गार असताना पाण्याच्या हलक्या धारेने धुवावेत. याला पैसा लागत नाही.

उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून थोडी चालवावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. लेकराला मात्र बंद गाडीत "आलोच" म्हणून कधीही ठेवू नये. दहा मिनिटांत आतले तापमान सुमारे दहा अंशांनी चढते, आणि काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही.