इंग्रजी शिकण्याची उमेद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेलवलीतील ज्या घरांतून कर्ती माणसे पहाटेची लोकल गाठून मुंबईकडे नोकरीस निघतात, त्या घरांत मुलांच्या इंग्रजीविषयी दिसणारी कळकळ सर्वस्वी आदरणीय आहे. परंतु ही उमेद कशाने उत्पन्न होते व कशाने टिकते, याविषयी ज्या समजुती रूढ होऊन बसल्या आहेत, त्यांची तपासणी झाल्यावाचून मुलांचे हित साधणे कठीण.

पहिली समजूत अशी की, इंग्रजी भाषकांविषयी आत्मीयता असल्याखेरीज त्यांची भाषा साध्य होत नाही, आणि निव्वळ चरितार्थासाठी शिकणारा कच्चाच राहतो. कॅनडातील गार्डनर व लँबर्ट यांनी माँट्रियलमधील फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी १९५९ साली जे प्रतिपादन केले, त्यातून या मताला शास्त्राचा आधार लाभला. तथापि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या यास्मीन लुकमानी यांच्या अभ्यासात मुंबईतील मराठीभाषक शाळकरी मुलींचे चित्र अगदी निराळे दिसले : ज्यांचा व्यावहारिक हेतू प्रबळ, त्यांचेच इंग्रजी सरस होते, आणि आपला समाज सोडून परक्या समाजात विलीन होण्याची आकांक्षा त्यामागे नव्हती. आपल्याच मुलींनी दिलेले हे उत्तर आपल्याकडे फारसे कोणाच्या गावी नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. ती म्हणजे परीक्षेचा धाक असला की उमेद आपोआप टिकते. कोरियात १९९७ पासून तिसरीच्या वर्गात इंग्रजी सुरू होते, आणि विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना विमानांची उड्डाणेदेखील थांबवली जातात. एवढा सरंजाम असूनही किम ते-योंग यांच्या संशोधनात प्राथमिक शाळेतच, इयत्ता वाढेल तसतशी, मुलांची प्रेरणा ओसरताना आढळली. झोल्तान डॉर्न्येई यांनी २००५ साली मांडलेल्या सिद्धान्तात याचा उलगडा मिळतो : इतरांनी लादलेले कर्तव्य निराळे, आणि इंग्रजी वापरणारा भावी ‘मी’ स्वतःच्या मनश्चक्षूंपुढे उभा राहणे निराळे; दीर्घकाळ बळ पुरते ते या दुसऱ्याचे.

लवकर आरंभ केला म्हणजे भागले, हेही खरे नव्हे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे. आरंभाचा प्रश्न तेथे मिटला, उमेदीचा मिटला नाही.

म्हणून बेलवलीतील पालकांना माझी विनंती आहे की, शिकवणीची फी भरण्यापूर्वी, इंग्रजी आल्यावर तुला काय करावयाचे आहे, हे मुलाला एकदा विचारावे आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.