मलकापूरचा धनी कोण?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालात की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्यातले हे लहानसे गाव पूर्वी विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे मुख्य ठाणे होते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी गड मोडून काढला आणि जहागिरीचा कारभार खाली मलकापुरात आला. इथल्या रयतेचा धनी कोण, असे तेव्हा विचारले असते तर तीन नावे पुढे आली असती: पंतप्रतिनिधी, त्यांच्यावर कोल्हापूरचे छत्रपती आणि त्यांच्याही डोक्यावर इंग्रज.

झाँ बोदँ या फ्रेंच पंडिताला हे मुळीच मानवले नसते. धर्माच्या नावाखाली फ्रान्स आपसांत कापाकापी करत असताना, १५७६ मध्ये, त्याने सार्वभौमत्वाचा सिद्धान्त मांडला. सत्ता राजाकडे असो, उमरावांकडे असो वा प्रजेकडे. ती अखंड हवी. तिची वाटणी झाली की राज्य संपलेच. कायदा करणे, युद्ध-तह करणे, अधिकारी नेमणे, शेवटची दाद ऐकणे, गुन्हेगाराला माफी देणे, नाणे पाडणे या त्याने सांगितलेल्या सार्वभौमाच्या खुणा.

हाच पेच सह्याद्रीतल्या एका मुत्सद्द्यानेही ओळखला होता. राजाराम महाराज जिंजीला असताना रामचंद्रपंत अमात्यांनी हुकूमतपनाह म्हणून महाराष्ट्राचा कारभार सांभाळला, तोही बराच काळ याच विशाळगडावरून. पुढे १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. दुर्ग, आरमार, सावकार, व्यापाराआडून भूमीवर डोळा ठेवणारे टोपीकर असे बरेच काही त्यात आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, हेसुद्धा. पण सगळ्यात धारदार प्रकरण वतनदारांचे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी म्हणजे राज्याचे वाटेकरीच, असे पंतांचे म्हणणे. आहे तेवढ्यावर त्यांचे समाधान नाही. परचक्र आले की वतन राखण्यासाठी ते आधी शत्रूला जाऊन मिळतात. मोगलांशी झुंजताना पंतांनी हे जवळून पाहिले होते. सरदारांना टिकवून धरायला एकीकडे औरंगजेब मनसबी वाटत होता, दुसरीकडे राजाराम महाराज इनामांची आश्वासने देत होते.

इंग्लंडात १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि दोनच वर्षांनी थॉमस हॉब्सने ‘लेव्हायथन’ लिहिला. राज्याच्या पोटातल्या मोठ्या मंडळ्या त्याला आतड्यांतल्या जंतांसारख्या वाटल्या. पंत इतक्या टोकाला जात नाहीत. वतनदारांना बुडवू नये आणि माजूही देऊ नये, असा त्यांचा सल्ला. मला तो हॉब्सपेक्षा शहाणपणाचा वाटतो, कारण वतनदाराशिवाय गावचा सारा गोळा कोण करणार, हे पंतांना पक्के ठाऊक होते.

गंमत अशी की १७४८ मध्ये माँतेस्क्यूने नेमके उलटे सांगितले. राजा आणि प्रजा यांच्यामध्ये वंशपरंपरागत सत्ता असलेले उमराव हवेत, तेच राजाला मर्यादेत ठेवतात. आशियात तसे कोणी नाही, म्हणून तिथे निव्वळ जुलूमशाही. त्याने आपल्याकडचा एखादा वतनाचा तंटा वाचायला हवा होता! इथे मधल्या सत्तांचा दुष्काळ नव्हता, सुकाळ होता. १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा शाहू महाराजांना मिळाल्या त्या दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने छत्रपतींच्याच दोन गाद्यांनी मुलूख वाटून घेतला.

बोदँच्या खुणा घेऊन मलकापुरात फिरले तर हिशेब मजेशीर लागतो. रोजचा कारभार आणि सारा पंतप्रतिनिधींकडे. वरची मालकी छत्रपतींची. पण इंग्रज आणि कोल्हापूर यांच्यातल्या १८६२ च्या तहानंतर मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांची देखरेख आली आणि फाशीसारख्या शिक्षेचे खटले पोलिटिकल एजंटापुढे जाऊ लागले. जीव घेण्याचा-राखण्याचा अधिकार हीच सत्तेची खरी खूण मानली, तर खालची दोन्ही सिंहासने तेव्हाच रिकामी झाली होती. तरीही जहागीर पिढ्यान्‌पिढ्या चालली. बोदँच्या मते जे राज्य म्हणून उभेच राहू शकत नाही, ते इथे सारा वसूल करत होते, न्याय देत होते.

आणखी एक. वतनांवर इतके कडक लिहिणाऱ्या रामचंद्रपंतांचे घराणे स्वतः बावड्याचे जहागीरदार झाले. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरींची ही सगळी उतरंड घेऊन कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले.