बसरूरच्या आरमारी स्वारीच्या तारखा

गोदावरीच्या खोऱ्यांतील उमरीस बसून पश्चिम समुद्रावरील गलबतांविषयीं लिहावें, हें वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु पाण्यावर आरमाराचा माग उरत नाहीं. तो कागदांतूनच काढावा लागतो, आणि कागद कोठेंही वाचतां येतात.

शके १५८६, क्रोधी संवत्सरीं, म्हणजे इ. स. १६६५ च्या आरंभीं शिवाजीमहाराज मालवणाहून जलमार्गें बसरूरवर गेले. ह्या स्वारीचा उत्तम समकालीन पुरावा म्हणजे कारवारच्या इंग्रज वखारींतून १४ मार्च १६६५ रोजीं सुरतेस गेलेलें पत्र. त्यांत ८५ फ्रिगेटें व ३ मोठीं जहाजें असा आंकडा आहे. बसरूर लुटून महाराजांनीं गोकर्णीं स्नान केलें, नद्या उतरण्यापुरतीं १२ फ्रिगेटें ठेवून बाकीचीं परत धाडलीं, आणि ४,००० पायदळासह अंकोल्यावरून २२ फेब्रुवारीस ते कारवारास पोंचले. तेथें आदिलशाही सरदार शेरखान आडवा आल्यानें खंडणीवर भागलें. इंग्रजांच्या वांट्यास ११२ पौंड आले.

येथें ‘फ्रिगेट’ शब्दानें फसूं नये. पुढील शतकांतील मोठ्या युद्धनौकेचें चित्र डोळ्यांपुढें आणल्यास सर्वच हिशेब चुकतो. त्या काळीं आपल्या किनाऱ्यावर हा शब्द वल्ह्याशिडांच्या लहान, उथळ गलबतांस लावीत. म्हणूनच तीं खाडींत शिरूं शकत. सभासद दोनशें जहाजांचा एक सुभा असे दोन सुभे सांगतो, ती सगळ्या आरमाराची गणती. ८५ ही एका स्वारीची. दोहोंत विरोध नाहीं. आरमार आधीं परत कां धाडलें, ह्याचें एक कारण आम्हांस वारा वाटतो. माघ-फाल्गुनांत वायव्येचा वारा दक्षिणेस जाणाऱ्यास अनुकूल, परतणाऱ्यास नव्हे. हा मात्र आमचा तर्क.

खरी अडचण तारखेची. पोर्तुगालानें १५८२ सालींच नवी कालगणना स्वीकारली. इंग्रजांनीं ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. सतराव्या शतकांत दोहोंत दहा दिवसांचें अंतर पडे. गोव्याहून व कारवाराहून एकाच गलबताची एकाच दिवशीं बातमी गेली, तरी कागदावर तीं दहा दिवसांच्या अंतरानें दिसणारीं दोन गलबतें होतात!

ह्या खड्ड्यांत आम्ही स्वतः पडलों होतों. महाराज महाशिवरात्रीस गोकर्णीं होते असा प्रवाद आहे. २२ फेब्रुवारी ही नव्या गणनेची समजून आम्हीं ती फाल्गुन शुद्ध सप्तमी-अष्टमीस बसविली, शिवरात्रीशीं तिचा मेळ घातला, आणि अनेक वर्षें विद्यार्थ्यांस तसेंच शिकविलें. पण पत्र इंग्रजांचें. त्याची २२ फेब्रुवारी म्हणजे नवी ४ मार्च, अर्थात् फाल्गुन वद्य द्वितीया-तृतीयेचा सुमार. होळी नुकतीच झालेली. शेरखानानें आपल्या होळीच्या शिकारीचा विरस केला, असें महाराज बोलल्याचें तेंच पत्र सांगतें. तें ह्या तिथीस चांगलें जुळतें. उलट महाशिवरात्र १३ फेब्रुवारीच्या (नव्या) सुमारास आली होती. गोकर्णाहून कारवार कांहीं मजलांवर. तेवढ्यास एकोणीस दिवस कसे लागावे? प्रवाद सोडणें आम्हांस भाग पडलें. गोकर्णाचें स्नान खरें, शिवरात्र संशयित.

हा दहा दिवसांचा फरक क्षुल्लक नव्हे. मिर्झा राजा जयसिंग ३ मार्चास पुण्यास आला, ही तारीखही जुन्या गणनेची. म्हणजे महाराज कारवारास असतां मोंगल पुण्यापासून नऊ दिवसांवर होता. तारखांची मिसळ केल्यास हें अंतर एकोणीस दिवसांचें भासतें.

संग्राहकांस एक विनंती. दप्तराच्या बासनांत काथ्या, डांबर, शिडाचें कापड, फळ्या ह्यांच्या जमाखर्चाचे फुटकळ बंद आढळतात, आणि राजकारणाचा मजकूर नाहीं म्हणून ते बाजूस पडतात. अशा एखाद्या बंदावर सुहूर सन खमस सितैन अलफ आणि महिना रज्जब किंवा साबान असेल, तर तो टाकूं नये. आम्हांस त्याची नक्कल, चंद्रासह, धाडावी.